गॅसचं वाण

त्या हिवाळ्यात मी सगळ्यांवर चिडलेली असायचे. नवऱ्यावर, मुलीच्या हरवणाऱ्या हातमोज्यांवर, रस्त्यावरचा बर्फ नेमका आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून जाणाऱ्या गाडीवर, आणि सर्वांत जास्त गॅस कंपनीवर. दोन हजार तीनचा फेब्रुवारी होता. नेपरव्हिलमध्ये टाउनहाउस घेऊन आम्हाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी रोज सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. थंडी अशी की स्टेशनवर पाच मिनिटं उभं राहिलं तर पापण्या चिकटायच्या. रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रेल्वेवाले त्यांच्याखाली गॅसच्या ज्वाला पेटवून ठेवतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की आग लागलीय. त्या महिन्यात मात्र त्या ज्वाला दिसल्या की एकच विचार यायचा, ह्याचं बिल कोण भरतं.

आपल्याकडे गॅस म्हणजे सिलिंडर, आणि तो अवेळी संपला तर शेजारणीचा मागून आणायचा. इथे तो पाइपातून येतो आणि अख्खं घर तापवणारी फर्नेस त्याच्यावर चालते. अंघोळीचं पाणी त्याच्यावर, चहाही त्याच्यावर. तो कमी वापरायचा म्हणजे कुडकुडायचं. आम्ही काटकसर करत नव्हतो असं नाही. खिडक्यांना प्लास्टिक लावलं होतं. मी जाता-येता थर्मोस्टॅट खाली करायचे, नवरा जाता-येता वर करायचा, आणि हे भांडण एक अक्षर न बोलता महिनाभर चाललं होतं. तरीही त्या महिन्याचं बिल उघडलं तेव्हा मला वाटलं, सगळ्या गल्लीचं मिळून आमच्याकडे पाठवलंय. मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक बाई आली. ती म्हणाली, आम्ही गॅसवर नफा घेत नाही मॅडम, आम्हाला ज्या भावाने पडतो त्याच भावाने देतो. तिचा आवाज थकलेला होता. दिवसभर माझ्यासारख्यांची बोलणी खात असणार. मीही थोडी ऐकवली.

आमच्या ऑफिसातला एक वयस्क अमेरिकन माझ्याच ट्रेनने यायचा. त्याने मला सगळं समजावून सांगितलं होतं. मिडवेस्टात एकदम कडाका पडला की लाखो फर्नेस एकदम सुरू होतात. उन्हाळ्यात साठवलेला गॅस संपत येतो, आणि मग जो उरलाय त्याला विकणारा मागेल तो भाव. थंडी सरली की भाव उतरतो. आपण काही करायचं नसतं, जाड मोजे घालायचे आणि वाट बघायची. शहाण्या माणसाने शहाण्यासारखं सांगितलं, पण मला वाट बघणं कधी जमलेलं नाही. माझ्या आईचं माझ्याबद्दल एक ठरलेलं मत होतं, की हिला दम नाही. ते मत तिने शेवटपर्यंत बदललं नाही.

त्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या दारात एका कंपनीचं टेबल दिसलं. गॅसचा भाव दोन वर्षांसाठी बांधून मिळेल, मग बाजारात काहीही होवो. पाइप तोच, गॅस तोच, बिलही तेच, फक्त भाव ह्यांचा. टेबलामागची मुलगी थंडीने नाक पुसत होती. तिचा भाव जुन्या भावापेक्षा बराच जास्त होता, पण माझ्या हातातल्या बिलावरच्या भावापेक्षा कमी होता, आणि मला तेवढंच दिसत होतं. घरी येऊन मी एक्सेलमध्ये तक्ता केला, रंगीत ग्राफ काढला, नवऱ्याला दाखवला. तो क्रिकेटच्या स्कोअरमध्ये होता, ‘कर की’ म्हणाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ते ताक दोन वर्षांसाठी बांधून घेतलं.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. आपला मूर्खपणा आपल्यापुरता ठेवायलाही अक्कल लागते.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्याकडे होतं. जानेवारीत बर्फाचं वादळ आलं म्हणून कॅन्सल केलं, नंतर दोन शनिवार कुणाकुणाला जमेना, आणि रथसप्तमी उलटून गेली. एकीने फोनवर शंका काढली, ‘अगं, आता चालतं का?’ मी म्हटलं, ‘इथे सण शनिवार बघूनच येतात.’ राहिला वाणाचा प्रश्न. दर वर्षी तेच ते. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, एकदा तर एकीने आइस्क्रीमचे चमचे लुटले. सगळ्यांच्या बेसमेंटमध्ये एकमेकींच्या डब्यांचे ढीग होते. मला एकदम सुचलं की यंदा खरंच उपयोगी पडेल असं वाण द्यावं. मी त्या ग्रोसरीच्या दारातल्या मुलीकडून चौदा फॉर्म आणले, प्रत्येकीचं नाव-पत्ता सुवाच्य अक्षरात भरला, फक्त सही आणि खातेक्रमांक तेवढा सोडला, आणि लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावून तो पाकिटात घातला. कंपनीत ते फॉर्म उघडणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. मला माझं फार कौतुक वाटत होतं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांची आहे. त्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे जुन्या, बुटक्या घरात एकट्या राहायच्या. काका सत्तरच्या दशकात नागपूरहून आलेले, तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा पार पश्चिम टोकाला, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. ‘घर विकून इकडे ये’ असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, आणि काकू दर रविवारी ‘बघू’ म्हणायच्या. ह्या घरात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि दुसऱ्याच्या घरात, मग तो पोटचा का असेना, त्यांना राहायचं नव्हतं. म्हणून त्यांनी चार मराठी मुलं सांभाळायला घेतली. त्यांतली एक आमची. शिवाय पोळ्या करून द्यायच्या, सणाला वड्या, करंज्या. त्यावर घर चालायचं. मुलं होती म्हणून घर होतं, हे त्या स्वतःच सांगायच्या, कुरकुर म्हणून नाही, नुसता हिशेब म्हणून.

काका गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला यायच्या नाहीत. कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं. आमच्यात असं कुणी म्हणत नाही. फक्त फोन जायचा नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. मला ह्याचा राग होता, खरा राग होता, पण आज वाटतं की त्या रागातही मिरवायची हौस बरीच होती. एम.एस्सी. झालेल्या, गाड्या चालवणाऱ्या बायका एका बाईला कुंकू लावायला बिचकतात म्हणजे काय. मी काकूंच्या घरी जाऊन सांगितलं की तुम्ही यायचंच. त्या ‘राहू दे गं’ म्हणाल्या. मी म्हटलं, मी गाडी घेऊन न्यायला येणार.

त्या आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या, पदर नीट घेऊन. मी कुंकवाची कोयरी घेऊन आधी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी किंचित मान मागे घेतली, मग पुढे केली. दोघीजणी कार्पेट बघायला लागल्या. मी हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पहिलं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मग मी उभी राहून भाषण केलं. बांधलेला भाव, दोन वर्षांची निश्चिंती, एक्सेलचा तक्ता, सगळं. बायकांनी पाकिटं उघडली आणि एकमेकींकडे बघितलं. वाण नाकारत नाहीत. ते आवडलं नाही तरी घेऊन जातात आणि बेसमेंटमध्ये ठेवतात, पण ह्याला बेसमेंट नव्हतं, ह्याच्यावर सही करायची होती. तेवढ्यात काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि शांतपणे सही केली. सगळ्यांत मोठ्या बाईने केली म्हटल्यावर बाकीच्यांना मार्ग राहिला नाही. एका तासात चौदा सह्या झाल्या. नवऱ्यांना विचारायचं म्हणणाऱ्या दोघींना मी टोमणे मारून गप्प केलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि भाव खाली यायला लागला. ट्रेनमधल्या त्या शहाण्या माणसाने सांगितलं होतं अगदी तसा. उन्हाळ्यात कुणाचं लक्ष नव्हतं, कारण बिलंच लहान होती. ऑक्टोबरात फर्नेस सुरू झाल्या आणि शेजारच्या गोऱ्या कुटुंबाचं बिल आमच्यापेक्षा कितीतरी कमी यायला लागलं. मग फोन सुरू झाले. कुणी उघड भांडलं नाही. ‘यार, तुझं ते वाण फारच महाग पडलं ग,’ एवढंच एकजण म्हणाली आणि हसली. ते हसणं मला महिनाभर पुरलं. दुसरीच्या नवऱ्याने दिवाळीच्या पार्टीत सगळ्यांसमोर विचारलं, ‘वहिनी, यंदा कार इन्शुरन्स लुटणार का?’ माझा नवरा सर्वांत मोठ्याने हसला.

करार मोडायला फी होती. आम्ही ती भरली आणि सुटलो. मग मी एकेकीला फोन करून सांगितलं, फी भरा आणि मोकळ्या व्हा, चूक माझी. बहुतेकींनी आधीच भरली होती. दोन-दोन पगारांच्या घरांत तेवढं खपून जातं, वर वर्षभर थट्टेला विषय मिळतो. काकूंना फोन केला नाही, कारण त्या रोज भेटायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या दारात मुलीला बूट चढवता चढवता मी म्हटलं, ‘काकू, ते गॅसचं कॅन्सल करून टाका, थोडी फी पडेल.’ त्या म्हणाल्या, ‘बघते.’ ‘बघते’ म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण ट्रेन लेट झाली होती, घरी भाजी व्हायची होती, आणि मला ते ‘हो’ असंच ऐकायचं होतं.

जानेवारीत पुन्हा कडाका पडला. शून्याखाली, तोही इथल्या फॅरनहाइटमधला शून्य. एक दिवस गाडीत मुलगी म्हणाली, ‘काकूज हाउस इज कोल्ड, आई. ओन्ली अवर रूम इज वॉर्म.’ मी म्हटलं, जुनं घर आहे, जुनी फर्नेस आहे. पुढच्या आठवड्यात तिथल्या जुळ्या मुलांच्या आईने मुलं काढून घेतली आणि लायसन्सवाल्या डे-केअरला घातली. ‘काकू खूप प्रेमळ आहेत,’ ती मला म्हणाली, ‘पण यू नो, बाथरूममध्ये वाफ दिसते तोंडाची.’ चारांतली दोन गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल, आणि मी ते उद्यावर टाकलं असेल. त्या वर्षांत मी जवळपास सगळंच उद्यावर टाकत होते.

मग एका मंगळवारी थंडीमुळे ऑफिसने आम्हाला दुपारीच घरी सोडलं. मी स्टेशनवरून थेट काकूंकडे गेले. दार उघडायला त्या काकांचा जुना, जाड पार्का घालून आल्या. तो त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. आत बाहेरच्यापेक्षा बरं होतं, एवढंच म्हणता येईल. हॉलमधल्या, झोपायच्या खोलीतल्या गरम हवेच्या जाळ्या त्यांनी बंद करून वर टॉवेल घातले होते, म्हणजे जी काय ऊब येईल ती एकाच खोलीत जावी. स्वयंपाकघरात तव्यावर पोळ्या चालल्या होत्या. आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेलं गॅसचं बिल होतं. मी न विचारता ते वाचलं. माझीच कंपनी, माझाच भाव.

‘तुम्ही कॅन्सल केलंच नाही,’ मी म्हटलं.

‘राहिलं,’ त्या म्हणाल्या.

‘राहिलं नाही काकू. तुम्ही केलं नाही. मी फी भरते, आत्ता फोन करू.’

‘तू नाही भरायची.’

‘मग तुम्ही भरा. दोन महिन्यांत वसूल होईल. मी तुम्हाला मांडून दाखवते.’

‘तू मागच्या वेळीही मांडून दाखवलं होतंस,’ त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘तो एक कागद आहे. वाण-बिण काही नाही. मी मूर्खासारखं कुंकू लावलं त्याला. त्यात देवाचं काही नाही, शकुनाचं काही नाही.’

‘देवाचं कोण म्हणतंय?’ पोळी उलटत त्या म्हणाल्या. ‘मी एवढी अडाणी नाही. तुझ्या काकांच्या वेळेपासून ह्या घरातली सगळी बिलं मीच बघते.’

‘मग?’

त्यांनी पोळी उतरवली, तूप लावलं, दुसरी लाटायला घेतली.

‘हे गेल्यापासून माझ्या दारात जो येतो तो काहीतरी न्यायला येतो,’ त्या म्हणाल्या. ‘पोळ्या न्यायला, नाहीतर मुलं न्यायला. पैसे देतात, माझी तक्रार नाही. पण चारचौघींत बसवून हातात काही ठेवलं ते तू. त्या बाकीच्यांनी ते मोडलं, मला कळलं. तूही मोडलंस. मला नाही मोडवलं. वेडेपणा आहे, कळतंय मला. एक वर्ष राहिलंय, काढीन.’

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका प्रचंड राग की मी त्यांना जे बोलू नये तेच बोलले. म्हटलं, ‘आणि त्यासाठी आमच्या मुलांना थंडीत ठेवता?’

काकूंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि मला मुलांच्या खोलीत घेऊन गेल्या. खोली छान उबदार होती. आमच्या घरापेक्षा उबदार. माझी मुलगी आणि दुसरा एक मुलगा दुपारचे झोपले होते, दोघांच्या पायांत लोकरीचे मोजे. ‘इथे मी एक डिग्री कमी केलेली नाही,’ काकू हळू आवाजात म्हणाल्या. मुलं उठू नयेत म्हणून हळू, रागाने नाही. मी मुलीला तशीच उचलून गाडीत घातलं. माफी मागायची राहिली.

त्या आठवड्यात मुलीला खोकला झाला. तो त्या थंडीत अर्ध्या नेपरव्हिलला झाला होता. पण नवरा म्हणाला, डे-केअर बघू या, आणि मी इतक्या पटकन ‘हो’ म्हटलं की तोच चमकला. खोकला हे निमित्त होतं. रोज संध्याकाळी त्या दारात उभं राहणं मला नको झालं होतं. काकूंना मी फोनवर सांगितलं. समोर जाण्याची हिंमत नव्हती. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे गं. लहान मूल आहे. तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.’ मग मुलीला कुठलं औषध चालू आहे ते विचारलं. आता त्यांच्याकडे एक मुलगा उरला, आणि एका मुलावर ते घर चालणार नव्हतं. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि रेडमंडला त्यांच्या मुलालाही लगेच कळलं असणार. उन्हाळ्यात घर विकलं गेलं आणि त्या तिकडे गेल्या. पण ते पुढचं. त्याच्या आधी एक शनिवार आहे. मला खरं तर तोच सांगायचा आहे, आणि इतका वेळ मी तो टाळते आहे.

त्या वर्षीचं हळदीकुंकू दुसऱ्या एका मैत्रिणीकडे होतं. आठवडाभर आधी तिचा फोन आला. काय आणायचं, किती वाजता, वगैरे झाल्यावर ती म्हणाली, ‘काकूंचं काय करू? मागच्या वर्षी तू बोलावलं होतंस म्हणून विचारते. बोलावू ना?’

मी म्हणायला हवं होतं, बोलव, त्यात काय विचारायचं. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली. चौदा बायका, त्यांच्यात काकू, आणि माझ्याकडून त्यांच्याकडे फिरणाऱ्या नजरा. माझा सगळा मूर्खपणा साडी नेसून खुर्चीवर बसलेला दिसला असता. मी म्हटलं, ‘एवढ्या थंडीत कशाला त्यांना बाहेर काढायचं?’

‘हो ना,’ ती लगेच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही. ‘मी फराळाची ऑर्डर मात्र त्यांनाच दिलीय हं. येताना ट्रे घेऊन येशील का? तुला वाटेवर आहे. तू न्यायला येतेस असं मी त्यांना सांगून ठेवते.’

शनिवारी चार वाजता मी काकूंच्या दाराची बेल वाजवली. पायऱ्यांवर त्यांनी मीठ टाकून ठेवलं होतं. दार उघडलं तर त्या मोरपंखी सिल्कची साडी नेसून उभ्या. केस नीट बांधलेले, गळ्यात मोत्यांचा सर, हातात पर्स. ‘आलीस? मी तयारच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘वड्यांचे दोन ट्रे झालेत. एक मागे ठेवू, एक मी मांडीवर घेते.’

आज इतक्या वर्षांनी मला पक्कं ठाऊक आहे की ‘चला’ एवढंच म्हणायचं होतं. त्या मैत्रिणीने काही त्यांना दारातून परत पाठवलं नसतं. कुणी एक शब्द बोललं नसतं. पाटावर नाही तर सोफ्यावर, कुठेतरी जागा झाली असती. माझ्या तोंडून मात्र दुसरंच आलं.

‘काकू, बाहेर फार थंडी आहे,’ मी म्हटलं. ‘तुम्ही कशाला उगीच...’ आणि पुढचं सोडून दिलं.

त्यांनी पर्स बुटांच्या स्टँडवर ठेवली. ‘हो, खरंच,’ त्या म्हणाल्या. ‘मी आपली सहज नेसले. कपाटात पडून राहिली की सिल्क घडीवर विरतं.’

मी एक ट्रे उचलला. त्यांनी साडीवर काकांचा पार्का चढवला आणि दुसरा ट्रे घेऊन, एका हाताने निऱ्या सावरत, त्या पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आल्या. पुढचं दार उघडून तो त्यांनी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला, वरचं फॉइल दाबून बसवलं, आणि वळणावर सरकू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला. ‘सावकाश ने,’ त्या म्हणाल्या, ‘रस्ता कोरडा दिसतो, पण बर्फ आहे.’